घरी बांधलेलं विमान: मोडतोडीची नोंद आणि तपासणीची शिस्त



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते मास्तर आयुष्यभर यंत्रशाळेत शिकवत राहिले. काम पुरं झालं असं कुणी सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, ‘तपासलं कोणी?’ ‘मीच तपासलं’ हे उत्तर त्यांना चालत नसे. आजचा विषय त्या प्रश्नाशीच बांधलेला आहे. माणसं स्वतःच्या हातांनी, घरी किंवा गॅरेजमध्ये विमान बांधतात. त्यातला एखादा भाग तुटतो आणि अपघात होतो. तो का होतो, त्यातून कोण शिकतं आणि आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी काय शिकायला हवं, एवढंच मला आज मांडायचं आहे.

फुलसावंगी

सुरुवात आपल्याच राज्यातल्या घटनेपासून करतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. तिथला चोवीस वर्षांचा एक तरुण पत्र्याची कपाटं बनवण्याचं, वेल्डिंगचं काम करी. शाळा आठवीतच सुटलेली. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहत त्याने सुमारे दोन वर्षं खपून एक माणूस बसेल असं हेलिकॉप्टर बनवलं. इंजिन मारुती ८०० मोटारीचं. पंधरा ऑगस्टला ते सगळ्यांना दाखवायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्याआधी काही दिवस, २०२१ च्या १० ऑगस्टच्या रात्री, त्याने जमिनीवरच चाचणी घेतली. मागच्या पंख्याचं पातं तुटलं आणि वरच्या मुख्य पंख्यावर आदळलं. मुख्य पंखा खाली येऊन आतल्या माणसाच्या डोक्याला लागला. तो वाचला नाही. त्याच्या घरच्यांचं दुःख मोठं आहे, म्हणून मी इथे नाव घेत नाही. पण त्याच्या हातातल्या कसबाबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

ही दुर्घटना यंत्राच्या बाजूने नीट समजून घेऊ. हेलिकॉप्टरचा मागचा छोटा पंखा मुख्य पंख्यापेक्षा कितीतरी पट वेगाने फिरतो. फिरणाऱ्या पात्यावर बाहेरच्या दिशेने जी ओढ बसते ती वेगाच्या वर्गाने वाढते. फेरे दुप्पट झाले की ओढ चौपट होते. पातं जिथे गाभ्याला जोडलेलं असतं तिथे ही सगळी ओढ एकवटते. शिवाय दोन पात्यांच्या वजनात थोडा जरी फरक असला तरी थरथर सुरू होते, आणि ती प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी धातूला वाकवते. धातू नेहमी एका मोठ्या ताणानेच तुटतो असं नाही. लहान ताण हजारो वेळा बसला तरी त्यात केसाएवढी भेग पडते आणि ती आतल्या आत वाढत जाते. बाहेरून रंग तसाच, चकाकी तशीच.

म्हणूनच कारखान्यात पाती जोडीने तोलतात. पंखा पहिल्यांदा फिरवताना माणूस आत बसवत नाहीत. जाड भिंतीआड उभं राहून, ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने, तासन् तास तो फिरवून पाहतात. फुलसावंगीच्या त्या मुलाकडे हिंमत होती, हात होते, कल्पना होती. हा टप्पा त्याला सांगणारा माणूस मात्र त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. हे अपयश त्याच्या एकट्याचं नाही, आपलं सगळ्यांचं आहे.

एक शाफ्ट आणि नाताळ

आता फुलसावंगीच्या घटनेपासून ११८ वर्षं मागे जाऊ. विल्बर आणि ऑरव्हिल हे राइट बंधूही घरचेच कारागीर. ओहायो राज्यातल्या डेटन गावात त्यांचं सायकलींचं दुकान. त्यांचं इंजिन चार्ल्स टेलर नावाच्या त्यांच्याच दुकानातल्या मेकॅनिकने बनवलं. १९०३ च्या हिवाळ्यात ते किटी हॉकच्या वाळूत मुक्काम करून होते. नोव्हेंबरमध्ये चाचणी घेताना पंख्यांचे पोकळ पोलादी शाफ्ट खराब झाले. ते डेटनला पाठवून मजबूत करून आणले. पुन्हा इंजिन लावून पाहिलं, तर २८ नोव्हेंबरला एका शाफ्टमध्ये भेग सापडली.

थंडी वाढत होती. नाताळपर्यंत घरी परतायचं होतं. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका मान्यवर संशोधकाचं, सॅम्युएल लँग्लींचं यंत्रही त्याच काळात प्रयत्नात होतं. भेग बारीक आहे, एकदा उडून बघू, असं म्हणण्याचा मोह किती झाला असेल! पण ऑरव्हिल रेल्वेने शेकडो मैल मागे डेटनला गेला, भरीव पोलादाचे नवे शाफ्ट बनवून घेतले आणि ११ डिसेंबरला परतला. १४ डिसेंबरच्या पहिल्या प्रयत्नात विल्बर साडेतीन सेकंद हवेत राहिला आणि विमान खाली आदळून मोडलं. दुरुस्ती झाली. १७ डिसेंबरला चार उड्डाणं झाली. पहिलं बारा सेकंदांचं, चौथं एकोणसाठ सेकंदांचं आणि ८५२ फुटांचं. हे चौथं उड्डाण उतरतानाच पुढच्या सुकाणूचा सांगाडा मोडून संपलं. जगातल्या पहिल्या यशस्वी विमानाची शेवटची उतराई मोडतोडीनेच झाली.

हे सगळं आज मी तारखांसह सांगू शकतो, कारण ऑरव्हिल रोजनिशी लिहीत होता. कोणता भाग मोडला, का मोडला, पुढे काय बदललं. त्यांच्या हुशारीइतकीच ही वही मोलाची आहे.

पाच वर्षांनी या शिस्तीची कठोर परीक्षा झाली. १७ सप्टेंबर १९०८ रोजी वॉशिंग्टनजवळ फोर्ट मायर इथे ऑरव्हिल लष्करासाठी उड्डाण दाखवत होता. बरोबर लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज हा सव्वीस वर्षांचा अधिकारी. एका पंख्याचं लाकडी पातं चिरलं, थरथर सुरू झाली आणि पंखा मागच्या सुकाणूच्या ताणतारेला लागला. तार तुटली, सुकाणू हाताबाहेर गेलं, विमान नाकावर कोसळलं. सेल्फ्रिज दगावला. यंत्राच्या विमानात जीव गमावलेला तो पहिला माणूस. ऑरव्हिलचा पाय आणि बरगड्या मोडल्या. तो खाटेवर असतानाच त्याच्या माणसांनी तुटके तुकडे गोळा केले आणि कारणाची साखळी पातं, तार, सुकाणू अशी जोडली गेली. पुढे पातीही बदलली आणि तारांचा बंदोबस्तही. फुलसावंगीत तुटलेलं पातं आणि फोर्ट मायरमध्ये चिरलेलं पातं यांच्यात यंत्राच्या दृष्टीने फारसं अंतर नाही. अंतर आहे ते पुढे काय केलं, यात.

उतरताना

घरी बांधलेल्या विमानांचा बराच दोष उतरताना उघडा पडतो. हवेत असताना विमानाचं वजन पंखांवर असतं. टेकल्यावर ते क्षणार्धात चाकांवर येतं. त्या वेळी विमानाच्या अंगात असलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाने मोजतात. चाळीस नॉटऐवजी साठ नॉटने टेकलं तर वेग दीडपट, पण ऊर्जा सव्वादोनपट. ती सारी चाकं, ब्रेक आणि चाकांचे दांडे यांना पचवायची असते. एका बाजूच्या ब्रेकची नळी गळत असेल तर विमान दुसऱ्या बाजूला खेचलं जातं. चाकाच्या आसाच्या नटाला स्प्लिट पिन लावायची राहिली असेल तर नट फिरत फिरत सुटतो. सांगाडा बहुधा ४१३० क्रमांकाच्या क्रोम-मॉली पोलादाच्या नळ्यांचा असतो. तो घाईने वेल्ड केला आणि झपाट्याने थंड झाला तर वेल्डच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते. भेग पडते ती बहुधा वेल्डच्या रेघेच्या कडेला. परळच्या शेडमध्ये काम केलेल्या कोणत्याही वेल्डरला हे सांगावं लागणार नाही.

याचं एक मोठं उदाहरण देतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हन यांनी १९७० च्या दशकात विमानांचे किट विकायला सुरुवात केली. त्यांच्या आरव्ही मालिकेतली अकरा हजारांहून जास्त विमानं लोकांनी घरी बांधून उडवली आहेत. यातल्या काही नमुन्यांत पुढच्या चाकाचा दांडा बारीक, लवचिक पोलादाचा. चाकाचा काटा धरणारा नट जमिनीपासून थोड्याच उंचीवर. पट्टी खडबडीत असली, टायरमध्ये हवा कमी असली किंवा वैमानिकाने नाक जोरात टेकवलं, की हा नट जमिनीत अडे, दांडा मागे वाके आणि विमान पाठीवर उलटं पडे. वरचं काचेचं छत खाली दबलं की आतल्याला बाहेर पडणं अवघड. असे अपघात एकामागून एक झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अभियंत्यांनी दांड्याचा अभ्यास केला, आणि कंपनीने नटाला जमिनीपासून जास्त उंची देणारा नवा काटा आणला. प्रत्येक अपघाताचा अहवाल लिहिला गेला होता, म्हणूनच वेगवेगळ्या गावांतले अपघात एकाच नटापाशी येऊन थांबले. सुटे सुटे असते तर प्रत्येक वेळी दोष वैमानिकाच्या नशिबाला लागला असता.

याच कंपनीचं अलीकडचं प्रकरण. लेझरने कापलेल्या पत्र्यांच्या भोकांभोवती बांधताना भेगा दिसतात, हे घरोघरच्या बांधणाऱ्यांनी कळवलं. भाग बदलून देण्याच्या खर्चासह इतर आर्थिक ओझ्याखाली डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागावं लागलं. तरीही भेग दिसल्यावर ती सांगणं ही त्या लोकांची रीतच झालेली आहे.

बांधणारा एक आणि उडवणारा दुसरा, तेव्हा धोका आणखी वाढतो. प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात लाँग-ईझी विमान कोसळून गेले. हे विमान दुसऱ्याने बांधलेलं, त्यांनी नुकतंच विकत घेतलेलं. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याची कळ वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्याच्या मागे नेली. ती फिरवायलाही जड, आणि तिच्यापर्यंत हात पोहोचावा म्हणून त्या दिवशी जमिनीवर तिला पकड लावून पाहण्याची वेळ आली. हवेत एक टाकी रिकामी होत असताना मागे वळून कळ फिरवायची तर शरीर वळतं आणि पाय सुकाणूच्या पट्ट्यावर दाब देतो. चौकशीत हाच संभव मांडला गेला. बदलली होती ती फक्त कळीची जागा.

अमेरिकेच्या त्याच वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी विमानांच्या ताफ्यात ती सुमारे दहा टक्के, पण २०११ च्या अपघातांत सुमारे पंधरा टक्के आणि जीवघेण्या अपघातांत एकवीस टक्के. मुख्य कारणं दोन, इंजिन आणि इंधनव्यवस्थेतले बिघाड आणि हवेत ताबा सुटणं. अपघात झालेल्यांतली निम्म्याहून जास्त विमानं विकत घेतलेली, आणि कित्येक अपघात अगदी सुरुवातीच्या उड्डाणांत. मंडळाने बंदी सुचवली नाही. इंधनव्यवस्थेची चाचणी लेखी करा, सुरुवातीच्या उड्डाणांची माहिती यंत्रावर नोंदवा, विकत घेणाऱ्याला शिकवा, असं सुचवलं. मला यात शहाणपण दिसतं.

गिरगावची गोष्ट

आता गिरगावात येऊ. चिराबाजारात राहणारे, पाठारे प्रभू समाजातले, संस्कृतचे अभ्यासक शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव या सभागृहात बहुतेकांना माहीत असेल. १८९५ साली चौपाटीवर त्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचं विमान उडवलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. २०१५ च्या जानेवारीत मुंबईत विज्ञान काँग्रेस भरली तेव्हा प्राचीन विमानविद्येवर पुन्हा वाद पेटला आणि त्याच महिन्यात तळपद्यांवरचा चित्रपटही आला.

माझं मत मी स्पष्ट सांगतो. त्या उड्डाणाचा समकालीन भक्कम पुरावा नाही. ‘वैमानिक शास्त्र’ या ज्या ग्रंथाचं नाव या कथेशी जोडलं जातं, त्याची तपासणी १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी केली. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

पण मला तळपद्यांची हेटाळणी करायची नाही. या शहराच्या गल्लीत राहून एका माणसाला विमान बांधावंसं वाटलं, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. माझं दुःख वेगळं आहे. त्यांनी काय बांधलं, किती वजनाचं, कोणत्या लाकडाचं, कोणता भाग आधी मोडला, यातलं काहीही कागदावर आपल्या हाती आलेलं नाही. त्यामुळे आपण सव्वाशे वर्षं ‘उडालं की नाही’ एवढाच वाद घालतो आहोत. त्यांचा एक मोजमापाचा कागद, एक मोडक्या सांध्याचं चित्र उरलं असतं, तर त्यावरून गिरगावातला पुढचा मुलगा एक पायरी वर चढला असता. कथेतून अभिमान मिळतो. नोंदीतून पुढचं विमान मिळतं.

चारकोपची गच्ची

या शहराने अलीकडे चांगला धडाही दिला आहे. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. कांदिवलीच्या चारकोपमधल्या घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. हा त्यांचा तिसरा प्रयत्न. २०१६ च्या फेब्रुवारीत गच्चीवरून क्रेनने उतरवून ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलं गेलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये, उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि चाचणीची उड्डाणं धुळ्याच्या धावपट्टीवर २०२० मध्ये झाली.

यात दोन गोष्टी आहेत. पहिली, इतकी वर्षं कागदांमागे जाणं प्रत्येकाला परवडणारं नाही. यादवांकडे वैमानिकाचा पगार होता, पाठीशी कुटुंब होतं, पुढे वर्तमानपत्रं उभी राहिली. फुलसावंगीच्या वेल्डरकडे यातलं काही नव्हतं. दुसरी गोष्ट, गर्दीच्या वस्तीत बांधलेलं विमान मोकळ्या धावपट्टीवर नेऊन टप्प्याटप्प्याने चाचणी घेणं, हेच योग्य. ही वाट बरोबर आहे. तिच्यावर चालायला लागणारा वेळ आणि पैसा कमी व्हायला हवा.

काय करता येईल

ब्रिटनमध्ये घरी बांधणाऱ्यांची एक संघटना आहे, लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन. सरकारने या विमानांच्या तपासणीचं काम तिच्याकडे सोपवलं आहे. सांगाडा पत्र्याने झाकण्याआधी, नियंत्रणाच्या तारा जोडल्यावर, इंजिन बसल्यावर, असं प्रत्येक टप्प्यावर तिचा निरीक्षक येतो, पाहतो, सही करतो. अमेरिकेत १९५३ मध्ये स्थापन झालेल्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचे अनुभवी सभासद नव्यांना सल्ला देतात आणि साधारणपणे पहिले पंचवीस ते चाळीस तास विमान वस्तीपासून दूर उडवण्याची अट सरकार घालतं. बांधणारा आपला, तपासणारा दुसरा, ही एकच गोष्ट सगळीकडे पायाशी आहे.

हे आपल्याकडे का होऊ नये? हे परळ आहे. इथे रेल्वेची कार्यशाळा १८७९ पासून आहे. चाकाच्या आसातली न दिसणारी भेग ध्वनिलहरींनी शोधणारी माणसं या भागात राहतात. माटुंग्याला व्हीजेटीआय आहे. गिरण्या गेल्या, पण गिरण्यांतल्या फिटर-टर्नरांची मुलं आणि नातवंडं आहेत, निवृत्त वैमानिक आणि विमान दुरुस्तीचे अभियंते दादर, विलेपार्ल्यात आहेत. ज्ञान आहे, ते यवतमाळच्या, बीडच्या, चंदगडच्या मुलापर्यंत पोहोचवणारी वाट नाही.

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत. जिल्ह्याच्या प्रत्येक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत असं यंत्र घेऊन येणाऱ्या मुलासाठी एक दार उघडं ठेवा. त्याला हाकलू नका आणि आंधळेपणाने पाठही थोपटू नका. महासंचालनालयाने अशा विमानांसाठी टप्प्यांच्या तपासणीची सोपी मराठी पुस्तिका काढावी आणि निवृत्त अभियंत्यांना निरीक्षक म्हणून मान्यता द्यावी. नोंदणी नसलेल्या यंत्राचा अपघात झाला तरी त्याचा तांत्रिक अहवाल लिहून जाहीर व्हावा. शिक्षेसाठी नव्हे, दुसऱ्याने वाचावा म्हणून. आणि वर्तमानपत्रांनी, वाहिन्यांनी आणि आपण सगळ्यांनी अशा मुलावर तारखेचं ओझं घालू नये. पंधरा ऑगस्ट दरवर्षी येतो.

जे आज कुठे गॅरेजमध्ये, शेडमध्ये असं काही बांधत असतील, त्यांना एवढंच सांगतो: वही ठेवा. रोज काय केलं, कोणता नट कितीच्या टॉर्कने आवळला, काय मोडलं ते लिहा. पंखा पहिल्यांदा फिरवताना कुणीही जवळ उभं राहू नका. आणि इंजिन सुरू करण्याआधी तुमच्यापेक्षा जास्त जाणणाऱ्या एका माणसाला बोलावून प्रत्येक सांधा त्याच्या हाताला लागू द्या. तो ‘थांब’ म्हणाला तर थांबा. भरीव शाफ्ट आणण्यासाठी डेटनला परत जाणारा माणूसच पुढे उडाला.